शकुंतलेचे रूळ कुणाचे?

‘शकुंतला सुरू करा’ ही मागणी वऱ्हाडात निवडणुकीच्या हंगामात मोठ्यानं ऐकू येते, आणि एरवी धरण्याच्या मंडपात बसून असते. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, आता बंद पडलेली अरुंद रुळांची गाडी. पण नेमकं काय सुरू करायचं, असं विचारलं की उत्तरं फुटतात. दर्यापूरकडच्या भाजी विकणाऱ्या बाईला सकाळची स्वस्त गाडी हवी आहे. अचलपूरच्या व्यापाऱ्याला ‘मोठी लाइन’ हवी आहे, म्हणजे ब्रॉडगेज. दुरून कॅमेरे घेऊन येणाऱ्या रेल्वेवेड्यांना धुराचं इंजिन हवं आहे. तिघंही नाव एकच घेतात, म्हणून मागणी एकच वाटते. ती एक का नाही, हे कळायला शंभरेक वर्षं मागं जावं लागतं.

ही गाडी माणसांसाठी आलेलीच नव्हती. ती कापसासाठी आली.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी मुद्दाम फाटा काढला गेला. पण मुख्य लाइन वऱ्हाडच्या मधोमध पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली. तिच्या उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, एलिचपूर (आजचं अचलपूर) आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा सगळा कापसाचा मुलूख बंड्यांवरच राहिला. पावसाळ्यात चाक आखापर्यंत रुतायचं, बैलांच्या तोंडाला फेस यायचा. उन्हाळ्यात त्याच मातीला पाय अडकेल एवढ्या भेगा.

या पट्ट्यातलं अंतर म्हणजे काय होतं, याचा एक अंदाज गाडगेबाबांच्या लहानपणातून येतो. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. वाढले मामाकडे दापुऱ्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. पुढे शकुंतलेनं जोडला तो हाच मुलूख. तेव्हा मात्र आजोळ गाठायचं तर पाय नाहीतर बैल.

१९०३ साली वऱ्हाड कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि फाट्यांचा विचार पुढे सरकला. सरकारला स्वतःचा पैसा घालायचा नव्हता. त्या काळात अशा लहान लाइनींसाठी खासगी कंपन्यांना पुढे केलं जाई. भांडवल कंपनीचं, गाड्या चालवायच्या मोठ्या रेल्वेनं आणि उत्पन्नातला हिस्सा कंपनीला, अशी ती रीत. मुंबईत १८५७ पासून व्यवसाय करणाऱ्या किलिक निक्सन या पेढीनं १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. याच पेढीनं सुरत-अमळनेरची ताप्ती व्हॅली रेल्वेही सांभाळली होती, म्हणजे कापसाच्या वासाची तिला सवय होती. पहिलं महायुद्ध संपायच्या आत मूर्तिजापूरहून दोन्ही बाजूंना गाड्या धावू लागल्या: एकीकडे यवतमाळ, ११३ किलोमीटर, दुसरीकडे अचलपूर, ७६ किलोमीटर. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच कंपनीचा. पूर्वी दारव्ह्याहून पुसदकडेही एक फाटा जाई. तो पुढे उखडला गेला.

रूळ अरुंद का ठेवले, याचं उत्तर हिशेबाचं आहे. दार्जिलिंग-माथेरानला अरुंद रूळ डोंगराच्या वळणांसाठी. वऱ्हाडात डोंगर कुठला? इथं दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर ठेवणारी लाइन टाकली ती पैसे वाचवायला. रूळ हलका, पूल लहान, भराव कमी, इंजिन स्वस्त. शिवाय ती चालते हे बार्शीकडच्या अशाच अरुंद लाइननं, बार्शी लाइटनं, आधीच दाखवून दिलं होतं. लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडायची आणि पुढं खारपाण पट्ट्यातून, म्हणजे खारट पाण्याच्या जमिनीतून, जायचं, एवढीच काय ती अडचण. पण ती अडचण लहान नव्हती. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावर टाकलेला हलका रूळ दर वर्षी जरासा जागेवरून सरकतो. रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमनचा हात फिरत राहिला तोवर हे झाकलं गेलं. तो हात आखडला तसा गाडीचा वेग उतरत गेला. शकुंतला मुळातच आळशी होती असं लोक कौतुकानं सांगतात; खरं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन हलत होती.

स्वस्ताईची खरी किंमत मूर्तिजापूरला चुकती व्हायची. मोठ्या लाइनचे रूळ १६७६ मिलिमीटरचे. छोटीचा वाघीण-डबा त्यावर चढू शकत नाही. म्हणून यवतमाळहून निघालेली रुईची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवायची, हमालांच्या पाठीवरून पलीकडच्या वाघिणीत चढवायची आणि मग मुंबई. यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून बांधलेली गाठ बंदराला लागेपर्यंत किती पाठींवरून गेली, याचा हिशेब कुठल्याच कंपनीच्या वहीत नसणार. या उतरवा-चढवीवर मूर्तिजापुरात कित्येक घरं चालली. पुढे ट्रक आला तेव्हा त्यानं रेल्वेला याच जागी पकडलं. ट्रक जिनपासून थेट गिरणीच्या दारात जातो, मध्ये गाठ खाली ठेवावी लागत नाही.

आता इंजिन. ज्याच्या आठवणीवर आजही लेख निघतात ते झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं आणि १९२३ पासून या लाइनवर राबलं. इथला कापूस मँचेस्टरला आणि मँचेस्टरचं इंजिन इथं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबलं आणि डिझेल आलं. सत्तर वर्षं एका यंत्रानं काम केलं हे विलक्षण आहे, पण वाफेची गाडी चालवणं म्हणजे काय हेही सांगायला हवं. पहाटेच्या गाडीसाठी बॉयलर रात्रीच पेटवावा लागतो. फायरमन वाटभर फावड्यानं कोळसा मारतो. वाटेत ठरावीक ठिकाणी थांबून टाकीत पाणी भरावं लागतं, राख काढावी लागते. बॉयलरच्या नळ्या गळू लागल्या की त्या बसवणारा कारागीर लागतो, आणि तो जसा निवृत्त झाला तसा दुसरा तयार झाला नाही. मेळघाटच्या पायथ्याशी धूर सोडत जाणारी गाडी देखणी दिसत असेल. खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यात मात्र कोळशाचा कण जायचाच. डिझेल आलं तेव्हा फोटो काढणारे हळहळले. सदरा पांढरा राहू लागला म्हणून रोजचा प्रवासी फारसा रडला नसावा.

स्वातंत्र्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली, किंवा घडायची राहून गेली. जीआयपी १९२५ पासूनच सरकारच्या हाती होती. १९५१ साली ती मध्य रेल्वे झाली. बार्शी लाइट १९५४ साली सरकारनं विकत घेतली आणि पुढं तिचं ब्रॉडगेज झालं. आज लातूर-कुर्डुवाडी-मिरज मोठी गाडी जाते. वऱ्हाडातली लाइन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. करारात ठरावीक वर्षांनी ती विकत घेण्याची मुभा सरकारला होती. मुदत येई, विचार होई, आणि घाट्यातली लाइन कशाला गळ्यात बांधून घ्या, म्हणून करार पुढं ढकलला जाई.

याच्यावरूनच ‘शकुंतला अजून इंग्रजांची आहे, आपण त्यांना लगान देतो’ हे वाक्य पसरलं. वाक्य झणझणीत आहे, वर्तमानपत्रांना आवडतं, पण ते अर्धवट आहे. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली. तेव्हा प्रश्न गोऱ्या साहेबाचा उरला नव्हता. प्रश्न असा होता की रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, आणि रुळाखालचा लाकडी स्लीपर कुजला तर तो बदलायचा कुणी? भाड्याच्या घराचं कौल फुटलं की मालक भाडेकरूकडे बघतो आणि भाडेकरू मालकाकडे. पाऊस तेवढा वेळ थांबत नाही. इंग्रजांच्या नावानं बोटं मोडण्यात आपण या साध्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं, असं माझं मत आहे.

दरम्यान कापूस गाडीतून उतरत गेला. रस्ते झाले, ट्रक आले, १९७२ पासून एकाधिकार खरेदीत सरकारच कापसाचं गिऱ्हाईक झालं. रुळांवर उरली माणसं. ज्यांच्यासाठी ही लाइन टाकलीच नव्हती, त्यांनी ती ताब्यात घेतली. नावही त्यांनीच दिलं. कंपनीच्या कागदावर शकुंतला नाही. हे नाव फलाटावरचं आहे, आणि ते कुणी ठेवलं याच्या कथा गावागणिक वेगळ्या.

तिकीट एसटीच्या मानानं किरकोळ. म्हणून दवाखान्याला जाणारी म्हातारी, कॉलेजची पोरं, बाजाराला टोपली घेऊन निघालेली बाई, कारंज्याला गुरुमंदिरात जाणारे भाविक, सोयऱ्याच्या लग्नाला निघालेलं अख्खं घर. अंजनगावच्या पानमळ्यांतली पानं, वांग्यांची पोती, कधी बकरी. वेग ताशी वीसेक किलोमीटर. अचलपूरच्या बाजूला ७६ किलोमीटरला चारेक तास. ‘शकुंतला हुकली त घाबरू नोको, सायकल काढ, पुढच्या टेसनावर भेटते’ हा विनोद या पट्ट्यात जन्मलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

शेवटच्या वर्षांत तर अख्खी लाइन मूठभर माणसांनी चालवली. तिकीट देणारा, झेंडी दाखवणारा, इंजिन जोडणारा यांत फरक उरला नव्हता. फाटकावर माणूस नेमलेला नसे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची. गाडीतलाच एक जण उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. रस्त्यावरचे मोटरसायकलवाले तेवढ्या वेळात त्याच्याशी गप्पा मारून घेत. ज्याला हे दृश्य मजेचं वाटतं त्यानं त्या माणसाच्या जागी उन्हाळ्यात एक दिवस काढून बघावा.

मग आधी यवतमाळची बाजू बंद पडली, नंतर अचलपूरची. कारण म्हणून रुळांची अवस्था सांगितली गेली आणि ते खोटं नव्हतं. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. आज रुळांत बाभळी वाढल्या आहेत.

आता वारशाचा मुद्दा. दार्जिलिंगची गाडी १९९९ साली युनेस्कोच्या यादीत गेली, निलगिरीची २००५ साली, कालका-सिमल्याची २००८ साली. तिन्ही डोंगरातल्या, तिन्हींना पर्यटक. सपाट मुलखातल्या, शेतकऱ्याच्या गाडीला अशी यादी नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे आणि ते बघण्यासारखं आहे, पण त्याचा वारसा बंगाल-नागपूर रेल्वेचा. (दारव्ह्याच्या स्टेशनचं नावही मोतीबागच, हा नुसता योगायोग.) नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ साली बंद झाली तेव्हाही हळहळ झाली, तिथं मोठी लाइन झाली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. तिथल्या गावकऱ्याला रूळ रुंद झाले याचं दुःख असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून ‘जतन’ या शब्दाची मला जराशी भीती वाटते. इंजिन जपणं सोपं आहे. त्याला रंग द्या, चौथऱ्यावर चढवा, भोवती साखळी लावा. फेरी जपणं अवघड आहे, कारण तिला रोज डिझेल लागतं, रोज माणूस लागतो आणि ती रोज तोट्यात जाते. मूर्तिजापूर ते लाखपुरी एवढ्याच तुकड्यावर हिवाळ्यात पर्यटकांसाठी वाफेची गाडी चालवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. त्या वेळापत्रकावर दर्यापूरच्या बाईचा सोमवार बसत नाही, इतकंच.

यवतमाळच्या बाजूला गोष्टी वेगळ्या वाटेनं सरकल्या आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी मोठी लाइन टाकली जाते आहे. तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ती पुढं यवतमाळहून दारव्हा, दिग्रस करत पुसदला जाणार आहे. दारव्हा-पुसद रेल्वे एकदा होऊन, उखडून, विसरूनही गेलेली. तिथं आता पुन्हा रूळ येतील, या खेपेला सरकारच्या मालकीचे. कारंजा मात्र त्या वाटेवर नाही. अंजनगाव, दर्यापूर तर नाहीतच. तिथली माणसं अजून त्या जुन्या ७६२ मिलिमीटरच्या रुळांकडेच बघत बसली आहेत, कारण दुसरे कुठले रूळ त्यांच्या गावाकडे आलेलेच नाहीत.