गेममधली जमीन एनए करून घेणारे लोक

शेतीचा गेम पैसे मोजून घ्यायचा आणि मग त्यात शेती सोडून बाकी सगळं करायचं, म्हणजे मासे धरायचे, खाणीत उतरायचं, गावभर गप्पा मारत फिरायचं आणि वावर पड ठेवायचं, हे ऐकायला येडेपणा वाटतो पण असे खेळणारे भरपूर आहेत आणि त्यातला एक मी. माझ्या स्टारड्यू व्हॅली नावाच्या गेममधल्या शेताचा सातबारा निघाला असता तर पीक पाहणीच्या रकान्यात तीन वर्षं नुसतं "पड" दिसलं असतं. ही सवय आली कुठून हे शोधायला बसलो तर कळलं की यात आपली काही हुशारी नाही, ही पळवाट पहिल्यापासून गेममध्येच आहे.

आधी स्टारड्यूचं सांगतो, कारण बहुतेकांना तोच माहितीये. पहिल्या दिवशी घरात पार्सनिपच्या १५ बियांची भेट मिळते (आपल्याकडे हा कंद फारसा दिसत नाही, पांढरं गाजर समजा). कुदळीच्या एका घावाला २ एनर्जी, एका रोपाच्या पाण्याला २, म्हणजे १५ रोपांना पहिल्या दिवशी ६० गेली, एकूण असते २७०. उरलेला दिवस मोकळाच. दुसऱ्या दिवशी विली नावाचा कोळी गळ देतो, पाचव्या दिवशी १२० मजली खाण उघडते, आणि माझ्यासारख्याची शेती तिथेच संपते. आता लोक म्हणतात आळशी आहात, तर तसंही नाही, कारण गळ एकदा टाकला की ८ एनर्जी जाते, झारीच्या चौपट. कष्टाचं काही नाही हो, त्रास आहे तो हजेरीचा. पीक रोज सकाळी ६ ला बोलावतं, पाऊस सोडला तर सुट्टी नाही. मासा कुणाला बोलावत नाही.

आता मुळाशी जाऊ. ९ ऑगस्ट १९९६ ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉमवर (टीव्हीला जोडून खेळायचं निंटेंडोचं यंत्र) एक गेम आला, बाहेर तो हार्वेस्ट मून म्हणून गाजला. जपानी नाव "बोकुजो मोनोगातारी", म्हणजे साधारण कुरणाची नाहीतर गोठ्याची गोष्ट, नावात पीक नाहीच. बनवणारा यासुहिरो वाडा, हा क्यूशू बेटावरच्या मियाझाकीकडचा, गाव सोडून टोकियोला आलेला. शहरात राहून त्याला गावाची आठवण यायला लागली आणि मारामारी नसलेला गेम करावा असं डोक्यात आलं. मधेच काम जवळजवळ बंद पडलं, टीम दोन-तीन माणसांवर आली, तरी गेम बाहेर पडला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्याला आठवण येत होती ती गावाची, चिखलात वाकून काम करण्याची नाही. जो घरी राहून शेती करतो त्याला असा गेम सुचणं अवघड, त्याला संध्याकाळी वेगळंच काहीतरी बघायचं असतं. त्यामुळे पहिल्याच गेममध्ये कुत्रा आहे, घोडा आहे, सणवार आहेत, पाच मुलींपैकी एकीशी लग्न आहे, आणि संध्याकाळी ६ ला घड्याळच थांबतं. कुठल्या शेतात घड्याळ थांबतं सांगा.

पुढच्या भागांत तर सालगडी आले. १९९९ च्या बॅक टू नेचरमध्ये सात बुटके आहेत, भेटी देऊन दोस्ती केली की पाणी घालायचं, तोडणी करायची, जनावरं बघायची कामं ते करतात, मजुरी नाही, उचल नाही. २००६ ला रून फॅक्टरी आला, तिथे राक्षस माणसाळवायचे आणि त्यांनाच शेतात राबवायचं, तोवर तुम्ही तलवार घेऊन गुहेत.

चीनमध्ये याहून भारी झालं. २००८ मध्ये शांघायच्या फाइव्ह मिनिट्स कंपनीने हॅपी फार्म काढला आणि त्यात मित्राच्या शेतातली तयार भाजी चोरायची सोय ठेवली. झालं, लागवडीपेक्षा चोरीच जास्त चालली, लोक रात्री गजर लावून उठायला लागले. शेजारच्या झाडाच्या कैऱ्या पाडलेल्या कुणालाही हे समजवावं लागणार नाही.

२००९ च्या जूनमध्ये झिंगा कंपनीचा फार्मव्हिल फेसबुकवर आला आणि वर्षभरात महिन्याला खेळणारे ८ कोटींच्या वर गेले, त्यात आपलेही होतेच. तेव्हा आमच्या हॉस्टेलवर एकजण पहाटे ४ चा गजर लावायचा, अभ्यासाला नाही, स्ट्रॉबेरीला. स्ट्रॉबेरी ४ तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर सुकून जायची. वाडाने गेममधून जी हजेरी सैल केली होती ती इथे धंद्यासाठी घट्ट केली, आणि माझ्या मते शेती टाळून खेळणाऱ्यांची चीड खरी इथून सुरू झाली. (तो ज्यावर चालायचा ते फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर बंद झालं तसा ३१ डिसेंबर २०२० ला तो गेमही गेला, तोवर तो हॉस्टेलवाला दोन पोरांचा बाप झालेला.)

याची टिंगल करायला इयन बोगोस्ट या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने २०१० च्या जुलैमध्ये काऊ क्लिकर काढला. एक गाय, तिच्यावर क्लिक करायचं, मग ६ तास थांबायचं, परत क्लिक. बस. शेती नाही, दूधही नाही. लोकांनी टिंगल म्हणून घ्यायची सोडून मनापासून खेळायला घेतला. वैतागून सप्टेंबर २०११ मध्ये त्याने सगळ्या गायी गायब केल्या, तर काहीजण मोकळ्या जागेवरच क्लिक करत राहिले! मी हे वाचून आधी हसलो, मग आठवलं की आमच्या गावाकडं म्हैस विकल्यावर आजोबा बरेच दिवस संध्याकाळी गोठ्यात जाऊन उभे राहायचे.

स्टारड्यू २६ फेब्रुवारी २०१६ चा. एरिक बॅरोन, सिएटलकडचा, कॉलेज संपलं, नोकरी मिळेना, म्हणून हात बसवायला हा गेम एकट्याने लिहायला घेतला आणि चार-साडेचार वर्षं लागली. हार्वेस्ट मूनचे जुने भाग त्याच्या आवडीचे, नंतरचे पटेनात. शेती टाळायच्या वाटा त्याने इतक्या उघड ठेवल्यात की मला तो आमच्यातलाच वाटतो. इरिडियमचा स्प्रिंकलर एकावेळी वावरातल्या २४ चौकोनांना आपोआप पाणी देतो, एकदा लावला की झारी पेटीत. हा एकदा मी फोन टीव्हीला जोडून खेळताना वडिलांनी मागे उभं राहून बघितला आणि एवढंच विचारलं, "तिकडं लाईट दिवसा असते का रे?"

स्टारड्यूच्या गावातलं पडकं कम्युनिटी सेंटर उभं करायला पिकं द्यावीच लागतात, तिथे आमची अडचण. मग एक तर शुक्रवार-रविवार जंगलात येणाऱ्या फिरत्या गाडीवर काय पीक आलंय ते बघायचं, म्हणजे आठवडी बाजाराच्या भरवशावर शेतकरी, नाहीतर गेममधले ५,००० भरून जोजा या बड्या कंपनीची मेंबरशिप घ्यायची आणि १,३५,००० मध्ये सगळी कामं पैशाने करून घ्यायची. गंमत म्हणजे गेमच्या सुरुवातीला याच जोजाच्या ऑफिसातली नोकरी सोडून आपण गावी येतो! शेती चुकवायची म्हणून परत त्याच दारात पैसे घेऊन उभं राहायचं. मी राहिलो. लाज वाटली पण राहिलो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गेममधल्या आजोबांचं भूत हिशेब घ्यायला येतं, तेही बहुतेक गुण कमाई, मैत्री, लग्न, पाळीव प्राणी असल्या गोष्टींना देतं. पेरलं किती हे कोण विचारतंय.

स्विस कंपनी जायंट्सचा फार्मिंग सिम्युलेटर हा २००८ पासूनचा वेगळाच पंथ, ट्रॅक्टरवाल्यांचा. तिथेही कामगार लावून नांगरटीला सोडता येतो आणि आपण बांधावर उभं राहून बघायचं. २०२४ च्या भागात भात आणि म्हशी आल्या तेव्हा मी पुन्हा उघडून पाहिला, म्हशी छान आहेत.

आणि आता शेवटची पायरी, २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आलेला "द फार्मर वॉज रिप्लेस्ड". यात शेतकरी नाहीच, एक ड्रोन आहे आणि तुम्ही पायथनसारखा कोड लिहून त्याच्याकडून शेती करून घ्यायची. म्हटलं हा आपला गेम. भोपळ्यापर्यंत मजेत गेलो. भोपळे चौकोनात शेजारी-शेजारी पूर्ण वाढले की एकत्र येऊन एकच मोठा भोपळा होतो आणि उत्पन्न कितीतरी पटीने वाढतं, पण वाढताना सुमारे पाचातला एक मरतो. म्हणजे ड्रोनला परत फिरवा, मेलेला शोधा, तिथे नवा लावा, तो जगला का बघायला परत या. तीन रात्री मी त्या लूपवर बसलो होतो, वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "नांग्या भरतोयस की मग."