लघुग्रहावरून कळलेली गोल पृथ्वी

आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, शाळेत आलं ते हेडसेटच्या, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्याच्या, कितीतरी आधी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोलीचा, म्हणजे जवळ-दूरचा, भास उभा करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने दाखवून दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली कीस्टोन व्ह्यू कंपनी अशा जोडचित्रांचे संच थेट शाळांना विकत होती. चित्राला खोली होती, पण मान वळवली तरी समोर तेच. मान वळताच दृश्य बदलायला १९६८ उजाडावं लागलं. हे साधणारं इव्हान सदरलंड यांचं डोक्यावर चढवायचं यंत्र छताला जोडलेलं होतं. वर्गात कुठलं नेणार!

लहान मुलांच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रयोग झाला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात. ‘पृथ्वी गोल आहे’ हे मुलं घडाघडा सांगतात. पण स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की कुणाच्या मनात ती थाळीसारखी असते, तर कुणाच्या मनात पोकळ चेंडू आणि आतल्या सपाट जमिनीवर माणसं! पायाखालची जमीन सपाट दिसते, त्याला मूल तरी काय करणार?

म्हणून शिकागोच्या गटाने पृथ्वी बाजूलाच ठेवली आणि मुलांना व्हीआरमधल्या एका छोट्या लघुग्रहावर सोडलं. मुलं जोडीने काम करायची. एक जण अंतराळवीर. सरळ चालत राहिलं की तो निघाला तिथेच परत यायचा, आणि समोरच्या वस्तूंचे आधी शेंडे दिसायचे. दुसरा नियंत्रण कक्षातून अख्खा गोल पाहायचा. त्याला जोडीदार कधी चक्क उलटा लटकलेला दिसे. दोघांनी बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. नंतर मोठी माणसं मुलांशी बोलून लघुग्रहाचा धागा पृथ्वीशी जोडून देत. माझ्या मते निम्मं शिकणं या गप्पांतच होतं.

पुढे उपकरणं स्वस्त झाली. फोन बसवून पाहायचा गूगलचा पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड २०१४ मध्ये आला, पाठोपाठ शाळांसाठी एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचं अ‍ॅप. तेही २०२१ मध्ये बंद झालं. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या हेडसेटसाठी वयाची अट १३ वर्षांची होती. २०२३ मध्ये ती पालकांच्या देखरेखीखाली १० वर आली, तरी पहिली-दुसरीची मुलं त्याबाहेरच राहिली.