कागदावर गोरे, म्हणून पुस्तकात गायब

अमेरिकेत सप्टेंबरच्या मध्यात हिस्पॅनिक हेरिटेज महिना लागला की लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको वगैरे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, सैनिकांबद्दल पोरांना शाळेत शिकवलं पाहिजे हा विषय निघतोच. पण मुळात ते पुस्तकातून गेले कुठे? भेदभाव होताच, त्यात फॉर्मचाही घोळ. दुसऱ्या महायुद्धात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, जपानी वंशाच्यांची वेगळी, पण मेक्सिकन घरातला मुलगा भरती झाला की बहुतेक वेळा नोंद 'गोरा' अशीच, मग तो बाकीच्यांत मिसळून गेला तो गेलाच. म्हणून एकूण किती लढले ते आजही अडीच ते पाच लाख असं मोघमच सांगतात. (पोर्तो रिकोची 65वी इन्फंट्री रेजिमेंट वेगळी होती, म्हणून तिचा इतिहास निदान शोधता तरी येतो.)

आणि हे गोरेपण कागदापुरतंच हं. फेलिक्स लोंगोरिया हा मेक्सिकन घरातला सैनिक जून 1945 मधे फिलिपीन्सच्या लुझॉन बेटावर मारला गेला, अवशेष परत यायला 1949 उजाडलं, आणि टेक्सासमधल्या थ्री रिव्हर्स गावात अंत्यविधी करणाऱ्याने त्याच्या बायकोला सांगितलं की चॅपल, म्हणजे अंत्यप्रार्थनेची खोली, मिळणार नाही, गोऱ्यांना आवडणार नाही. गावच्या दफनभूमीतही मेक्सिकन लोकांचा भाग काटेरी तार घालून वेगळा केलेला. डॉ. हेक्टर गार्सियांनी, म्हणजे ज्यांनी 1948 मधे कॉर्पस क्रिस्टीत अमेरिकन जीआय फोरम ही माजी सैनिकांच्या हक्कांची संघटना काढली त्यांनी, धडाधड टेलिग्राम पाठवले, नवे सिनेटर लिंडन जॉन्सन मधे पडले आणि 16 फेब्रुवारी 1949 ला दफन झालं ते थेट आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत. मला विचाराल तर वर्गात सुरुवात इथून करावी, पदकांच्या यादीवरून नको.

पदकांचं म्हणाल तर भेदभावामुळे कुणाचं पदक हुकलं का ते बघायला जुन्या फायली परत तपासा असं संसदेने 2002 च्या सुमारास सांगितलं आणि मार्च 2014 मधे ओबामांनी 24 जणांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च लष्करी पदक दिलं, बहुतेक लॅटिनो, आणि घ्यायला स्वतः हजर फक्त तिघं.

त्याआधी 2007 मधे माहितीपट करणाऱ्या केन बर्न्सच्या महायुद्धावरच्या टीव्ही मालिकेत एकही लॅटिनो नाही म्हणून गदारोळ झाला, मग मागाहून थोड्या मुलाखती जोडल्या. त्या भांडणात पुढे होत्या मॅगी रिवास-रॉड्रिग्ज, ज्या 1999 पासून टेक्सास विद्यापीठात म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करत होत्या. आज शिक्षकाच्या हाताला जे लागतं त्यातलं बरंच तिथलं.

इलिनॉयमधे सिल्व्हिस गावात दीड ब्लॉकची एक गल्ली आहे, रेल्वेत राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची. महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध मिळून तिथली आठ पोरं गेली. आता तिचं नाव हीरो स्ट्रीट, पण युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं रस्ता मातीचाच होता, पावसाळ्यात नुसता चिखल.