लग्नपत्रिकेच्या प्रूफवर सही करण्यापूर्वी

पत्रिकेचे प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, हाती देताना आम्ही छापखानेवाले खाली एक ओळ छापतो: ‘मजकूर तपासला, छापण्यास हरकत नाही.’ त्याखाली तुमची सही लागते. कितीही घाई असली तरी ही सही आम्ही सोडत नाही. आमचा मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल, पण नवरीच्या मामांचे नाव दिगंबर की दत्तात्रय, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून आधी नावे वाचा. शासनाने १९६२ साली मान्य केलेले लेखननियम आम्ही मजकुराला लावतो, माणसांच्या नावांना नाही. आम्हाला ‘सुनीता’ बरोबर वाटेल, पण त्या बाई आयुष्यभर ‘सुनिता’ लिहीत आल्या असतील तर तेच छापायचे. ‘कै.’ कुठे लागले, कुठे राहिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. ‘श्रीमती’ आता अनेकजणी आदरार्थी म्हणून लावतात, पण पत्रिकेत बरेच जण त्याचा अर्थ अजून वेगळाच घेतात. ज्यांचे नाव आहे त्यांनाच विचारलेले बरे.

सर्वांत जपायचे ते जुन्या पत्रिकेला. ‘थोरल्याच्या लग्नाचीच फाइल घ्या, नावे तेवढी बदला,’ असे पुष्कळ जण सांगतात. काम लवकर होते, पण जुना वार, जुने कार्यालय, जुना मोबाइल नंबर तसाच राहून जातो. अशा वेळी प्रूफ कार्यालयाच्या पावतीशी आणि गुरुजींनी लिहून दिलेल्या मुहूर्ताशी ताडून पाहा. वार आणि तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून जुळवा. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर त्याआधी ‘दुपारी’ छापले आहे ना, तेही बघा. पत्रिका इंदूर-ग्वाल्हेरकडे जाणार असेल तर तिथीसोबत इंग्रजी तारीख हवीच; आपला माघ वद्य पक्ष तिकडच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण पक्ष असतो.

व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आम्ही छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवतो, तेव्हा कधी रफार सरकतो, कधी ‘मोऱ्यांच्या’चे ‘मोर्यांच्या’ होते. आम्ही ते तपासतोच. तुम्हीही जोडाक्षरांवर नजर ठेवा.

प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर वाचू नका, कागदावरच वाचा, आणि दोघांनी बसून वाचा. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर पेन फिरवत जायचे. ज्याने मजकूर लिहिला त्याच्या हाती प्रूफ देऊ नका. त्याला तो पाठ असतो, त्यामुळे गळलेले अक्षरही तो वाचून जातो. वधू-वरांची मोठ्या टाइपातली नावे अक्षर सुटे करून वाचा. सगळे लक्ष बारीक मजकुरात गुंतलेले असते आणि मोठ्या अक्षरातली चूक तशीच पुढे जाते. कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड असेल तर तो प्रूफच्या कागदावरूनच स्कॅन करून पाहा.

दुरुस्त्या लाल पेनाने समासात लिहा. फोनवर सांगू नका, ‘न’ आणि ‘ण’ ऐकण्यात हमखास चुकतात. दुसरे प्रूफही पूर्ण वाचा. वरती एक शब्द वाढला की खालच्या ओळी सरकतात, आणि ‘आपले विनीत’मधले शेवटचे नाव चौकटीबाहेर जाऊ शकते.

सही झाली की छपाईची प्लेट निघते, प्रत्येक शाईची वेगळी. मजकूर निव्वळ काळ्या शाईत असेल तर दुरुस्तीसाठी एकच प्लेट नवी करावी लागते. चार रंगांच्या छपाईत मरून रंग मात्र दोन-तीन शाया मिळून बनतो, म्हणजे तितक्या प्लेटा बदलाव्या लागतात. आणि छापून झाल्यावर चूक सापडली तर तुम्ही पसंत केलेली कार्डेच वाया जातात.

प्रूफ एक रात्र तरी घरी ठेवा. दोन्हीकडच्या मंडळींनी आपापली नावे स्वतः वाचावीत. त्यासाठी प्रूफची जादा प्रत मागितली की आम्ही देतो. सही मात्र एकाच जबाबदार व्यक्तीने, तारीख घालून करावी.