मिसळ

महाराष्ट्रातील न्याहारीचा एक तिखट, तेलकट आणि पोटभरीचा पदार्थ. मोड आलेल्या मटकीची किंवा वाटाण्याची उसळ, तिच्यावर फरसाण वा शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, वरून ओतलेला मसालेदार कट आणि सोबत पाव किंवा स्लाइस ब्रेड असे तिचे सर्वसाधारण रूप आहे. हे सारे एकत्र शिजत मात्र नाही. उसळ एका पातेल्यात, कट दुसऱ्यात, फरसाण डब्यात. बशी भरताना ते एकमेकांवर येतात आणि पुढचे काम खाणारा करतो. त्यामुळे एकाच टेबलावरच्या दोघांनी सारखीच मिसळ मागवली, तरी दोघांच्या पोटात सारखाच पदार्थ जातो असे नाही.

कट

मिसळीची ओळख कटावरून ठरते. उसळ कुणाच्याही घरी बरी होते. हॉटेलचे नाव होते ते कटामुळे. कांदा, लसूण, आले, भाजलेले सुके खोबरे आणि गरम मसाला यांचे वाटण सढळ तेलात, कडेने तेल सुटेपर्यंत परततात. मग मिरचीपूड आणि पाणी घालून चांगले उकळतात. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी अशी मिरचीची विभागणी बरेच जण करतात. वर तरंगणारा लाल तेलाचा थर म्हणजे तर्री. काही भागांत सगळ्या रश्श्यालाच तर्री म्हणतात, तर पुण्यात वाटीतून वेगळा येणारा रस्सा ‘सँपल’ या नावाने मागितला जातो.

मिरचीचा लाल रंग आणि तिला तिखट करणारे कॅप्सेसिन ही दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. साहजिकच रंग आणि जाळ दोन्ही वरच्या थरात गोळा होतात. वाढपी पळी वरच्यावर फिरवतो की तळातून बुडवून काढतो, यावर एकाच पातेल्यातून सौम्य आणि जहाल अशा दोन्ही मिसळी निघतात. नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागल्यावर घटाघटा पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही, तोही याच कारणाने. दही किंवा ताक उपयोगी पडते, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेते.

प्रांतोप्रांती

कोल्हापुरात पातळ, झणझणीत कट, कांदा-लसूण चटणीचा ठसका आणि सोबत स्लाइस ब्रेड. तिथे पावाचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक बाहेरगावचा हे लगेच ओळखू येते. हाच कट बटाटेवड्यावर ओतला की कटवडा होतो. पुण्यात उसळीच्या जोडीला पोहे, बटाट्याची भाजी आणि चिवडाही बशीत येतो. नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ तर थोड्या गोडसर चवीसाठीच प्रसिद्ध आहे आणि तिखट खाणाऱ्यांच्या शेऱ्यांची तिला सवय असावी. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्यावर चालते. तिच्यासोबत पापड, दही आणि कित्येक ठिकाणी जिलेबीही येते. शहराबाहेरच्या मळ्यांतून, झाडाखाली मांडलेल्या टेबलांवर ती खायला रविवारी सहकुटुंब जाण्याची तिथे रीतच पडली आहे. ठाण्याच्या ‘मामलेदार’ मिसळीला तिचे नाव शेजारच्या तहसील कचेरीवरून मिळाले. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळपावाला २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, त्या निकालाशी कोल्हापूर किंवा नाशिक सहमत असण्याची शक्यता कमी. विदर्भात मिसळीची जागा बऱ्याच अंशी तर्री-पोहे घेतात. त्यात पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात.

उष्मांक आणि खाण्याच्या सवयी

मिसळीचा सर्वांत पौष्टिक भाग सर्वांत खाली दडलेला असतो. रात्रभर भिजवून फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येतात तेव्हा तिच्यातील क जीवनसत्त्व वाढते आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. उष्मांक चढतात ते या उसळीच्या वर आलेल्या गोष्टींमुळे. १ ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, प्रथिने किंवा पिष्टात ४. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० किलोकॅलरी. फरसाण आधीच तळलेले, १०० ग्रॅमला साधारण ५०० किलोकॅलरींच्या पुढचे. त्यात मैद्याचा पाव, आणि तो तर्रीत बुडवला की तेल शोषून घेतो.

तरीही एका बशीचा ठाम आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण तो खाणाऱ्याच्या हातात आहे. कुणी चिमटी-चिमटीने फरसाण टाकत ते शेवटपर्यंत कुरकुरीत ठेवतो, कुणी सगळे एकदम कालवून मऊ पडायची वाट पाहतो. कुणी तर्री चमच्याने बाजूला सारतो, तर कुणी वाटीतला कट तोंडाला लावून पितो. ब्रेड बुडवून खाणारे आणि चुरून खाणारे यांच्यातला वाद जुना आहे. खरी वाढ होते ती दुसऱ्या फेरीत. पुष्कळ हॉटेलांत जादा कट फुकट मिळतो, पाव आणि फरसाणाचे मात्र वेगळे पैसे पडतात. कट उरला म्हणून पाव, पाव उरला म्हणून कट, अशी ती साखळी लवकर तुटत नाही. रविवारी दहा-अकराला मिसळ खाणारे बरेच जण दुपारचे जेवण सोडतात. त्यांच्यापुरती ती न्याहारी आणि जेवण दोन्ही असते. वरून चहा प्यावा की ताक, यावर एकमत नाही. भाजलेले फरसाण आणि बिनतेलाचा कट घालून केलेली ‘डाएट मिसळ’ही आता मिळते, पण तिला उसळ म्हणणेच योग्य.

कांदा-लसूण वगळलेली जैन मिसळ आणि उपवासाची मिसळ हे दोन प्रकार रुळलेले आहेत. उपवासाच्या मिसळीत साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा तळलेला चिवडा, काकडी आणि दही असते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असल्याने उष्मांकांच्या बाबतीत ही मिसळ नेहमीच्या मिसळीला सहज गाठते.