शून्य किमतीच्या मधमाश्या

कोस्टा रिकातल्या एका कॉफीच्या मळ्यात काही संशोधक मधमाश्यांच्या मागावर होते. मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे उरले होते, एक ४६ हेक्टरचा आणि दुसरा १११ हेक्टरचा. जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आत असलेल्या कॉफीला २० टक्के जास्त उत्पन्न येत होतं, दाणेही चांगले भरत होते. जंगलात राहणाऱ्या माश्या फुलांवर येत होत्या, त्याचा हा परिणाम. हिशोब मांडल्यावर दिसलं, की या दोन तुकड्यांतल्या माश्या त्या एका मळ्याला वर्षाकाठी सुमारे ६० हजार डॉलर मिळवून देत होत्या. २००४ मध्ये हा शोधनिबंध छापून आला आणि जंगल राखणं परवडतं, याचा दाखला म्हणून लगेच गाजू लागला.

त्याच सुमारास जगभर कॉफीचे भाव कोसळले. मळ्यातली कॉफी उपटली गेली आणि तिथे अननस लागला. अननसाला परागीभवन लागत नाही. उलट ते झालं तर फळात बिया धरतात आणि माल कमी प्रतीचा ठरतो. म्हणजे माश्यांची किंमत ६० हजारांवरून थेट शून्यावर. जंगल तेच, माश्या त्याच, त्यांची धावपळही तीच. २००६ मध्ये डग्लस मॅकॉली या परिसंस्थाशास्त्रज्ञाने ही गोष्ट जाहीरपणे मांडली आणि निसर्गाला किंमतीचं लेबल लावू पाहणाऱ्यांची चांगलीच पंचाईत केली.

हा किस्सा सहसा पर्यावरण अर्थशास्त्राची फजिती म्हणून सांगितला जातो. मला तो या शास्त्राचा सर्वांत चांगला पहिला धडा वाटतो. आधीचा आकडा खरा होता, नंतरचा शून्यही खरा होता. अर्थशास्त्रातली किंमत वस्तूच्या अंगात मुरलेली नसते. कोणाला, कुठे, केव्हा आणि कशाच्या बदल्यात, या चार प्रश्नांची उत्तरं बदलली की आकडा बदलतो. कॉफीवाला शेजारी असेल तर माशी मोलाची, अननसवाला असेल तर फुकटची.

माणसाला निसर्गाच्या कारभारातून जे जे फायदे होतात त्यांना ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. पाणी गाळलं जाणं, पूर अडणं, पिकांवर माश्या येणं, माती तयार होणं, मेलेली जनावरं नाहीशी होणं, डोळ्यांना गारवा मिळणं, सगळं यात आलं. यातल्या बहुतेक गोष्टींना बाजार नाही. बाजार नाही म्हणून भाव नाही, आणि ज्याला भाव नाही त्याची नोंद धरणाच्या, रस्त्याच्या, खाणीच्या हिशोबात शून्य अशी होते. निदान हे शून्य तरी खोडावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट सुरू झाली.

तिची सर्वांत गाजलेली उडी १९९७ ची. रॉबर्ट कॉस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ प्रकारच्या परिसंस्था आणि १७ सेवा घेऊन साऱ्या पृथ्वीचाच हिशोब मांडला. वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर. तेव्हा जगातल्या सर्व देशांचं मिळून उत्पन्न होतं सुमारे १८ लाख कोटी. बातमी म्हणून उत्तम. अर्थतज्ज्ञांनी मात्र डोक्याला हात लावला. किंमत म्हणजे लोक जास्तीत जास्त जे द्यायला तयार होतील ते, अशी व्याख्या असेल, तर खिशात १८ असणारा ३३ कुठून देणार? आणि सगळा निसर्गच गेला तर पैसे मोजायला तरी कोण उरणार? मायकेल टोमन यांनी या आकड्याला ‘अनंताचा फारच कमी लावलेला अंदाज’ म्हटलं, ते त्यामुळेच.

चूक गुणाकाराच्या पद्धतीत होती. पाण्यावाचून माणूस मरतो तरी पाणी स्वस्त, आणि हिऱ्यावाचून कोणाचं काही अडत नाही तरी हिरा महाग. हे कोडं ॲडम स्मिथपासूनचं आहे. भाव ठरतो तो शेवटच्या पेल्याचा, एकूण पाण्याचा नव्हे. दलदलीच्या एका हेक्टरचा भाव काढून त्याला जगातल्या सगळ्या दलदलींनी गुणलं तर मधली गोम सुटते: दलदली कमी होत जातील तसतसा उरलेल्या प्रत्येक हेक्टरचा भाव चढत जाणार. म्हणून या शास्त्रातला नेमका प्रश्न ‘जंगलाची किंमत किती’ असा नसतो, ‘हे एवढं जंगल तोडलं किंवा राखलं तर काय फरक पडेल’ असा असतो. फरकाची किंमत काढता येते.

काढायची कशी? एक सोपा मार्ग म्हणजे निसर्गाचं काम यंत्राने करायचं तर किती खर्च येईल ते पाहायचं. न्यूयॉर्क शहराचं उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोट क्षेत्रांतून येतं आणि ते गाळण्याचा प्रकल्प तिथे नव्हता. केंद्राचे नियम कडक झाले तेव्हा तसा प्रकल्प उभारण्याचा अंदाज निघाला ६ ते ८ अब्ज डॉलर, शिवाय दरवर्षीचा चालवण्याचा खर्च वेगळा. त्याऐवजी पाणलोट क्षेत्रच सांभाळायचं ठरलं, साधारण दीड अब्जात, आणि १९९७ मध्ये तसा करार झाला. ‘जंगलाने शहराचे अब्जावधी वाचवले’ असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. ते अर्धंच खरं. त्या दीड अब्जात नुसती झाडं नव्हती: वरच्या गावांची सांडपाणी केंद्रं सुधारायची होती, शौचालयांच्या टाक्या दुरुस्त करायच्या होत्या, शेतकऱ्यांच्या गोठ्यांतलं शेण ओढ्यात जाऊ नये अशी सोय करायची होती, आणि जमिनी विकत घेणाऱ्या शहरावर डोळे वटारून बसलेल्या गावांशी वर्षानुवर्षं वाटाघाटी करायच्या होत्या. जंगल पाणी गाळतं खरं, पण त्याच्या वरच्या अंगाला राहणारी माणसंही त्या गाळणीचा भाग असतात.

दुसरा मार्ग लोकांच्या पायांचा माग काढायचा. राष्ट्रीय उद्यानाला तिकीट नसलं तरी लोक प्रवासाचा खर्च करून, सुट्टी घालवून तिथे जातात. लांबून किती येतात आणि जवळून किती, यावरून त्या जागेची मागणी कळते. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या उद्यान विभागाला लिहिलेल्या पत्रात ही कल्पना सुचवली होती. तलावाकाठच्या आणि तलावापासून दूरच्या सारख्याच घरांच्या भावातला फरक पाहणं हाही तसलाच प्रकार.

पण जिथे कोणी जातच नाही त्याचं काय? जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये एक अडचणीची गोष्ट लक्षात आणून दिली: एखादं रान किंवा प्राणी आपण कधीच पाहणार नसलो तरी तो ‘आहे’ एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. हे अस्तित्वमूल्य. ते बाजारात उमटत नाही, प्रवासात उमटत नाही. ते विचारूनच कळणार.

विचारण्याची खरी कसोटी लागली ती अलास्कात. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. अलास्का राज्याच्या बाजूने झालेल्या सर्वेक्षणात देशभरच्या कुटुंबांना विचारलं, की पुन्हा असं होऊ नये म्हणून एकदाच किती द्याल? मध्यक आकडा, म्हणजे निम्मी उत्तरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो, आला ३१ डॉलर. सगळ्या कुटुंबांचे मिळून २.८ अब्ज. त्यातल्या बहुतेकांनी ती किनारपट्टी कधी पाहिलेली नव्हती.

कंपनीच्या बाजूनेही अर्थतज्ज्ञ उभे राहिले. त्यांच्यातला एक प्रयोग आजही चपराक देतो. लोकांच्या तीन गटांना विचारलं, तेलाच्या डबक्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल? एका गटाला पक्ष्यांची संख्या सांगितली २ हजार, दुसऱ्याला २० हजार, तिसऱ्याला २ लाख. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. संख्या शंभरपट वाढली तरी खिसा जवळपास हललाच नाही! लोक पक्ष्यांची किंमत सांगत नव्हते, काही तरी चांगलं केल्याचं समाधान विकत घेत होते, असा याचा एक अर्थ. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये मध्यममार्ग काढला: ‘किती द्याल’ असं मोघम विचारू नका, ‘अमुक कर बसणार असेल तर बाजूने मत द्याल की विरोधात’ असं विचारा, त्या पैशातून दुसरं काय घेता आलं असतं याची आठवण करून द्या, मग उत्तराला वजन येईल.

तरी विचारण्याला एक मर्यादा राहतेच. ज्याचं काम आपल्याला ठाऊकच नाही त्याची किंमत आपण काय सांगणार?

गिधाडं घ्या. १९९० च्या सुमारास भारतात कोणाला विचारलं असतं, की गिधाडं राखायला किती पैसे द्याल, तर विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. त्यानंतरच्या दशकात गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण कळायला २००४ उजाडलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध अंगात असताना मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये या नाशाचा हिशोब मांडला, आणि त्यांची युक्ती फार सुरेख आहे. ज्या जिल्ह्यांत गिधाडांना मानवणारा अधिवास पूर्वीपासून होता आणि ज्यांत नव्हता, अशा दोन गटांतले मृत्युदर त्यांनी डायक्लोफिनॅक स्वस्त होण्याआधीचे आणि नंतरचे ताडून पाहिले. आधी दोन्ही गट बरोबरीने चालत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. कुजणारी जनावरं, त्यातून बिघडणारं पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि रेबीज, असा तो रस्ता. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू. वर्षाला ६९ अब्ज डॉलरच्या आसपास नुकसान. इथे कोणाला काही विचारावं लागलं नाही. गिधाडं गेली आणि बिल आलं.

हे बिल पाहून वाटतं, की आकडा एकदाचा पक्का झाला. पण आजच्या सेवेऐवजी उद्याच्या सेवेचा हिशोब करायला घेतला की तो पुन्हा निसटतो. शंभर वर्षांनी होणाऱ्या १ कोटीच्या नुकसानीची आजची किंमत किती? उद्याची रक्कम आजच्या भावात आणताना दरवर्षी जी कपात धरतात तिला वटाव म्हणतात. वर्षाला ५ टक्के वटाव धरला तर सुमारे ७६ हजार, १ टक्का धरला तर ३७ लाख. या दोन उत्तरांतला फरक कुठल्याही जंगलात जाऊन मोजता येत नाही. अजून न जन्मलेल्या माणसांना आपण किती धरतो, यावर तो ठरतो. मूल्यमापनाच्या अहवालात मी सर्वांत आधी वटावाचा दर शोधतो. पुष्कळदा तो तळटीपेत असतो आणि निकाल तिथेच लागलेला असतो.

एवढे आकडे काढून प्रत्यक्षात पैसे कोणाच्या हातात पडतात का? काही ठिकाणी पडतात, आणि पहिल्या मोठ्या प्रयोगांतला एक कोस्टा रिकाचाच. १९९६ च्या वनकायद्याने तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची सोय केली आणि त्यासाठी इंधनावरच्या कराचा एक वाटा वापरला. सुरुवातीच्या करारांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा आढळलं, की त्यातला बराच पैसा तशीही तोडली जाण्याची फारशी शक्यता नसलेल्या जंगलांना गेला होता. करारामुळे वाचलेलं जंगल फार थोडं. पुन्हा तोच फरकाचा प्रश्न.

कायद्याने मोबदल्यासाठी चार सेवा मानल्या आहेत: हवेतला कार्बन धरून ठेवणं, पाणी राखणं, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. परागीभवन त्यांत नाही. मोबदला मिळतो तो मुख्यतः हेक्टरच्या हिशोबाने, शेजारच्या मळ्यात कॉफी असो की अननस.