डायरेक्शनल कपलर: स्वस्त पट्टीची किंमत

पावसाळा लागला की कोपरखैरणे, ऐरोलीच्या गच्च्यांवरच्या मोबाइल टॉवरचे व्हीएसडब्ल्यूआर अलार्म सुरू होतात. किती पॉवर परत फिरतेय ते सांगणारा आकडा म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि अँटेनाकडे निघालेली पॉवर माघारी फिरते. ती मोजतो डायरेक्शनल कपलर, म्हणजे एकाच दिशेने चाललेल्या लहरीचा छोटासा वाटा बाजूला काढणारा भाग. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींची सरमिसळ तो किती टाळतो, ते सांगणारा आकडा म्हणजे डायरेक्टिव्हिटी. व्हीएसडब्ल्यूआर 1.5 असताना परतणारा सिग्नल जाणाऱ्यापेक्षा साधारण 14 डेसिबल खाली, म्हणजे पॉवरमध्ये पंचविसाव्या भागाइतका असतो. कपलरची डायरेक्टिव्हिटीही 14च असेल, तर जाणाऱ्या लहरीची गळती खऱ्या सिग्नलइतकीच भरते. मग फेज जुळेल तसं रीडिंग शून्याजवळ जातं किंवा व्होल्टेजमध्ये दुप्पट होतं, आणि असा अलार्म खरा की खोटा हे कळायला मार्ग नसतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे दुखणं एवढं नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वेव्हगाइड, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या, आले. लहानशा भोकातून लहरी कशा पसरतात याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी मांडलं. ते 1944 साली छापून आलं. दोन वेव्हगाइडमध्ये पाव तरंगलांबीच्या अंतरावर दोन भोकं पाडली की उलट दिशेच्या लहरी एकमेकींना मारतात. भोकं वाढवली की हीच किमया फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यात चालते. हेवलेट-पॅकार्डच्या 752 मालिकेतले वेव्हगाइड कपलर 40 डेसिबल डायरेक्टिव्हिटी देत. खारघरला केंद्र असलेली समीर ही संस्था कॅन्सरच्या उपचारासाठी लिनॅक, म्हणजे किरणांचा मारा करणारी यंत्रं, बनवते. मेगावॅटची पॉवर खेळवणाऱ्या अशा यंत्रांत आजही वेव्हगाइडच लागतात.

बिघाड आला तो स्वस्ताईबरोबर. 1952च्या सुमारास आयटीटी या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतून मायक्रोस्ट्रिप पुढे आली: खाली ग्राउंडचा पत्रा, मध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारा पदार्थ), वर तांब्याची पट्टी, आणि पट्टीच्या वर नुसती हवा. छापायला सोपी, पण कपलरला हीच हवा बाधली. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पट्ट्यांत लहर इव्हन (दोन्ही पट्ट्यांवर एकसारखी) आणि ऑड (एकमेकींच्या उलट) अशा दोन मोडमध्ये धावते. ऑड मोडचं क्षेत्र हवेत जास्त पसरतं, म्हणून तो पुढे सटकतो. ठाण्याहून एकाच वेळी सुटलेली स्लो आणि फास्ट लोकल कुर्ल्याला एकत्र पोचायची नाही, तसंच हे. आयसोलेटेड पोर्टवर, म्हणजे जिथे काहीच सिग्नल यायला नको त्या टोकाला, दोघांनी एकमेकांना पुरतं रद्द करायचं असतं, तिथे बाकी उरते. कपलिंग (शेजारच्या पट्टीत उतरणारा वाटा) जितकं सैल तितकी ही बाकी जास्त खुपते; 20 डेसिबलच्या, म्हणजे शंभरावा भाग उचलणाऱ्या, साध्या मायक्रोस्ट्रिप कपलरची डायरेक्टिव्हिटी जेमतेम काही डेसिबलवर येते.

पुढचे बहुतेक उपाय म्हणजे ऑड मोडला आवरण्याच्या युक्त्या. मला सगळ्यांत देखणी वाटते ती अभियंते पोडेल यांची 1970ची: पट्ट्यांच्या आतल्या कडा करवतीसारख्या दातेरी करायच्या. ऑड मोडचा करंट त्याच कडांनी वाहतो, त्याला वळणं घेत जावं लागतं. इव्हन मोडला तितकासा फरक पडत नाही. कुणी वरून डायइलेक्ट्रिकचा तुकडा चढवून हवाच हटवली. स्ट्रिपलाइनमध्ये पट्टी दोन्ही बाजूंनी एकाच पदार्थात गाडलेली, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही, पण बोर्ड महाग पडतो आणि पट्टीपर्यंत हात पोचत नाही.

कारखान्यात जास्त रुळला तो कपॅसिटर. पट्ट्यांच्या टोकांना, दोघींच्या मधोमध, पिकोफॅरडच्या काही दशांशांचा कपॅसिटर बसवायचा. तो फक्त ऑड मोडलाच जाणवतो. टेस्ट बेंचवर तंत्रज्ञ तांब्याच्या फॉइलचं बारीक चिठोरं चिमट्याने सरकवतो आणि अॅनालायझर या मोजणी यंत्राच्या पडद्यावर आयसोलेशनची रेघ खाली बुडताना पाहतो.

1984मध्ये आलेल्या एचपी 8510सारख्या अॅनालायझरनी डायरेक्टिव्हिटीची चूक कॅलिब्रेशनने, म्हणजे गणितानेच, वजा करून टाकली. प्रयोगशाळेत ते भागतं. उन्हापावसात गच्चीवर चालू असलेल्या ट्रान्समीटरला कोण रोज कॅलिब्रेट करणार? तिथे कपलर मुळातूनच चांगला लागतो. त्यात कपॅसिटरची दुरुस्ती एका फ्रिक्वेन्सीभोवतीच नीट बसते. 900 मेगाहर्ट्झला जुळवलेलं चिठोरं 3.5 गिगाहर्ट्झच्या 5जीला चालत नाही, आणि कंपन्यांना हल्ली दोन्ही बँड एकाच डब्यात हवे असतात.